कोणासही इजा नाही

॥ श्री ॥
ता. ९ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पेट्या परवा पोचल्या. पाठवल्या नऊ, आल्या आठ. भांड्यांची एक, ती शाबूत, फक्त पितळेच्या घागरीला पोचा आला आहे. अंथरुणांच्या दोन, पैकी एकीत पाणी शिरले. ह्यांच्या अवजारांची एक, पुस्तकांची एक, मुलीच्या खेळण्यांची एक, माझ्या डब्यांची एक, आणि तुम्ही दिलेले शिवणाचे मशीन. देव मी हातातल्या पिशवीतून आणले होते, ते यात धरले नाहीत. सोडवायला इथले एकशे बारा पडले. हमालांना सहा द्यावे लागले. मी पाचावर अडून बसले होते, पण भाषा येत नसली की घासाघीस फार वेळ चालवता येत नाही.

नववी पेटी लांबट होती, छऱ्याच्या बंदुकीची. ती कस्टमने अडवून ठेवली आहे. निघताना मी ह्यांना म्हटले होते की कशाला हे लोढणे, तिथे का आपण शिकारीला चाललो आहोत. तर म्हणाले, बाबांची अशी ही एकच वस्तू माझी आहे. मामंजींची आठवण म्हटल्यावर काय बोलणार. तुम्ही शिवलेल्या जाड दुलईत गुंडाळून मीच ती पेटीत ठेवली.

आता अडचण अशी की इथे छऱ्याची असली तरी बंदूक ती बंदूकच धरतात. तिच्यासाठी पूर्वीच्या घरातल्या कोणा वडीलधाऱ्या माणसाचा दाखला लागतो. ह्यांच्याकडच्या आता तुम्हीच एकट्या उरलात, म्हणून तुम्हाला तसदी. आपल्या भाषेत लिहिलेला चालतो, भाषांतर करून देणारे गृहस्थ इथे आहेत. नमुना खाली देते, तो जसाच्या तसा उतरून काढा आणि सही करा:

'सदर छऱ्याची बंदूक आमच्या घरात तीस वर्षांपासून असून तिच्यामुळे कोणासही कसलीही इजा झालेली नाही.'

मुदत तीन महिन्यांची आहे. त्यानंतर पेटी परत मिळत नाही, आतली वस्तू मोडून टाकतात. ह्यांना घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. छापखान्यातले ह्यांचे साहेब इथल्या नेमबाजीच्या क्लबाचे अध्यक्ष आहेत. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना आपल्याला नेमबाजीत मिळालेल्या कपाचे सांगितले. तेव्हा साहेब म्हणाले, मग बंदूक घेऊन या एका रविवारी. परक्या मुलखात साहेबाने नावानिशी बोलावणे म्हणजे लहान गोष्ट नाही. सहा महिन्यांची बोली आहे, पुढे कायम करायचे की नाही ते साहेबांच्याच हातात.

तुमची खोकल्याची तक्रार कशी आहे. मुलगी आत्याची आठवण काढते.

आपली,
धाकटी भावजय


ता. २ एप्रिल

चि. सौ. हिशेबनीसबाईंना अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. घागरीला पोचा आला हे वाचून वाईट वाटलं, हमालाला सहावा रुपया द्यावा लागला हे वाचून त्याहून वाईट वाटलं. तू त्या रात्री जेवली होतीस ना?

खोकला आहे तिथेच आहे, त्याला कुठे दुसरीकडे जायचंय. मी सध्या शाळेच्या गणवेशांत बुडाले आहे. एकशे चाळीस झगे, एकशे चाळीस पट्टे. समोरच्या बाईंची सून काल शिकायला येऊन बसली होती. तिला सुई ओवता येईना. डावा डोळा मिटून बघ म्हटलं तर मिटता येईना बिचारीला. मी म्हटलं, माझी तेवढी मेहनत देवाने वाचवली. ती इतकी कावरीबावरी झाली की मलाच तिला चहा करून द्यावा लागला.

बंदूक नेलीत हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मधली खोली झाडायला घेतली, तर भिंतीवर नुसत्या दोन खुंट्या. मला वाटलं, विकली असेल. विकली असती तर बरं झालं असतं.

दाखल्याचं बघते. गणवेशांची गडबड उरकू दे. तुझ्या नवऱ्याने चार ओळी स्वतः लिहिल्या असत्या तर चाललं असतं. छापखान्यात आहे ना तो, शाईची काही टंचाई नसेल.

मुलीला पापा.

तुझी,
वन्सं


॥ श्री ॥
ता. २४ एप्रिल

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पत्र काल मिळाले. पाकीट जाडसर लागले म्हणून दाखला आला असेल असे वाटले. ह्यांनी चहा टाकून उठून फोडले. आत दाखला नाही.

वन्सं, लहान तोंडी मोठा घास घेते आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. दोन ओळी उतरून काढायला किती वेळ लागतो? एकशे चाळीस झग्यांना वेळ आहे आणि सख्ख्या भावाच्या कामाला नाही. गोदामाचे भाडे दिवसागणिक चढते आहे. साहेबांनी दोनदा विचारले. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा सगळ्या कामगारांच्या देखत विचारले, आणि ह्यांनी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र ताटावरून उठले. भाजीला मीठ कमी आहे म्हणाले, मीठ बरोबर होते.

हे म्हणतात, ताईला आपले बरे झालेले बघवत नाही. मी तुमची बाजू घेतली, पण खरे सांगू का, मलाही क्षणभर तसे वाटून गेले. आम्ही इकडे आलो आणि तुम्ही मागे राहिलात, हे तुम्हाला लागले असेल. मी देवापुढे रोज तुमचे नाव घेते. पण तुम्हीही आमच्याबद्दल मनात काही धरू नये.

ह्यांनी तुम्हाला एक निरोप द्यायला सांगितला आहे. शब्द त्यांचेच लिहिते: 'ताईला म्हणावं, बाबांनी काय सांगितलं होतं ते आठव.' कशाबद्दल ते मी विचारले. म्हणाले, तिला कळेल.

अधिक उणे लिहिले असल्यास क्षमा असावी.

आपली,
धाकटी भावजय


ता. ९ मे

चि. सौ. हिशेबनीसबाईंना आशीर्वाद.

सोबत दाखला आहे. मजकूर असा:

'सदर छऱ्याची बंदूक आमच्या घरात तीस वर्षांपासून असून तिच्यामुळे कोणाचाही जीव गेलेला नाही.'

खाली सही आणि तारीख आहे.

त्याला सांग, बाबांनी सांगितलेलं मला आठवतं. त्याच्या आधीचंही आठवतं.

वन्सं


॥ श्री ॥
ता. ३० मे

ती. वन्संना सा. न. वि. वि.

दाखला काल पोचला, मुदतीला पाच दिवस असताना. देवाची कृपा. ह्यांनी वाचला, पुन्हा एकदा वाचला. मला वाटले खूश होतील. मग घडी घालून खिशात ठेवला, चालेल म्हणाले, आणि संध्याकाळी भाषांतर करणाऱ्या गृहस्थांकडे घेऊन गेले.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. तिकिटाचे पैसे भाजीतून काढले.

दाखला ह्यांच्या हातात जाण्याआधी मी माझ्या जवळच्या नमुन्याशी ताडून पाहिला. वाण्याची यादीसुद्धा ताडल्याशिवाय मी डब्यात भरत नाही, ती सवय. शेवट वेगळा निघाला. नमुन्यात 'इजा' होते, तुम्ही 'जीव' लिहिले. पुन्हा पाहिले, अक्षर स्वच्छ होते, खाडाखोड नव्हती. कापड बेतताना तुम्ही सुताचा फरक ठेवत नाही. एकदा माझ्या पोलक्याची बाही अर्धा बोट चढली तर तुम्ही रात्रीतून उसवून परत लावली होती. तुमच्या हातून उतरवताना शब्द कसा चुकेल?

चूक असेल तर दुसरा दाखला पाठवा, मी ह्यांना नीट समजावून देईन. चूक नसेल तर मला सांगा, कोणाला काही झाले होते का? शेजारच्या कोणाला? एखाद्या लेकराला? माझी मुलगी घरात आहे, म्हणून विचारते. मी ह्यांना विचारले असते, पण बंदुकीचे नाव काढले की ते दुसरेच काही बोलायला लागतात.

माझ्या मागच्या पत्रात कडू लिहिले गेले. ते मनावर घेऊ नका.

आपली,
धाकटी भावजय


ता. २२ जून

चि. सौ. हिशेबनीसबाईंना अनेक आशीर्वाद.

चूक नाही.

तू पाठवलेला नमुना मी सात-आठ वेळा उतरवायला घेतला. 'इजा'पर्यंत यायचे आणि पेन खाली ठेवायचे. शेवटी 'जीव' लिहिलं. तेवढं तरी खरं होतं.

तुला लग्न ठरताना सांगितलं होतं ना, मुलाच्या बहिणीला लहानपणी कुंपणाचा काटा डोळ्यात गेला म्हणून? बारा वर्षं त्या घरात नांदलीस. आपल्या घराला कुंपण कुठे आहे गं? विटांची भिंत आहे, पहिल्यापासून. तुझ्या नजरेतून एवढी बाब सुटावी याचं मला नवल वाटायचं. पण तुझी तरी काय चूक, ज्याला त्याला काटा पटला.

मी तेरा वर्षांची, तो अकरा. बाबांनी त्याला बंदूक आणून दिली होती, परीक्षेत वरचा नंबर आला म्हणून. डब्याचं झाकण भिंतीवर टांगून तो नेम धरायचा. त्याचा कंटाळा आल्यावर म्हणाला, ताई, तू हातात धर. मी धरलं, असं गालाशेजारी. तो म्हणाला, हलू नकोस.

मी हलले नाही.

दवाखान्यात बाबा माझ्याजवळ येऊन बसले. त्याला काही विचारलं नाही, मला विचारलं, 'तू हललीस का?' तो दाराशी उभा होता, ओठ पांढरेफटक. मला त्याची कीव आली. मी म्हटलं, हलले. तेव्हा पहिलं खोटं माझंच आहे, ते मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही. काट्याचं बाबांनी नंतर ठरवलं. म्हणाले, त्याच्या नावाला जन्मभर हे चिकटायला नको, तुझं तर जे व्हायचं ते होऊन गेलंच आहे. आई कोपऱ्यात डोळ्याला पदर लावून बसली होती, तिनेही मान हलवली.

चार महिन्यांनी बंदूक त्याला परत मिळाली. पाच वर्षांनी कप मिळाला. त्या दिवशी फोटो काढला तेव्हा बाबांनी मला त्याच्या शेजारी उभं केलं, खांद्याला धरून जरा वळवलं, म्हणजे चांगली बाजू दिसेल. मला बघायला लोक यायचे तेव्हाही तसंच वळवून बसवायचे. लोक दोन्ही बाजूंनी बघून जायचे.

त्यानेही पुढे स्वतःची समजूत करून घेतली. आई गेली त्या वर्षी एकदा विषय निघाला, तर मला म्हणतो, तू हलली नसतीस तर. अगदी मनापासून म्हणाला गं, मला दोष देऊन नव्हे, हळहळून.

डोळ्याचा राग मला आता नाही. एका डोळ्यावर मी स्वतःचं पोट भरलं, कोणाच्या दारात गेले नाही. राग याचा आहे की त्याला माझ्याकडून लिहून पाहिजे. 'कोणासही कसलीही इजा झालेली नाही.' खाली माझी सही. आणि तेही मागायला तुला पुढे केलं.

तू यात काही करावंस म्हणून लिहिलं नाही. विचारलंस, म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. पत्र वाचून फाडून टाक. तू फाडणार नाहीस, पावत्यासुद्धा फाडत नाहीस तू.

तुझी,
वन्सं


॥ श्री ॥
ता. ११ ऑगस्ट

ती. वन्संना सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी काय लिहावे ते कळेना, नंतर लिहिण्यासारखे झाले तेव्हा हात चालेना. आता क्रमाने लिहिते.

तुमचे पत्र पोचण्याआधी सहा आठवडे बंदूक घरी आली होती. भाषांतर करणाऱ्या गृहस्थांजवळ हे स्वतः बसले, आणि आमच्याकडे 'जीव' म्हणजे इजाच समजतात असे सांगून तसे लिहून घेतले. ते गृहस्थ आपल्या भाषेचे असूनही त्यांनी लिहिले. बैठकीच्या खोलीत ह्यांनी खिळे ठोकून ती टांगली. साहेब येऊन पाहून गेले, मी त्यांना चहा दिला. त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. मला तेव्हा बरे वाटले होते, हे कबूल करते.

तुमचे पत्र मी दुपारी वाचले. फाडले नाही. देवांच्या पिशवीत ठेवले. पाच दिवस मी ह्यांच्याशी नेहमीसारखी बोलले, वाढले, कपडे धुतले. सहाव्या दिवशी हे बंदुकीच्या नळीला तेल लावत बसले होते, तेव्हा विचारले. वर न बघता म्हणाले, काटाच होता. मी म्हणाले, आपल्या घराला कुंपण नाही. मग हात थांबला. तेलाचा बोळा खाली ठेवून बोलले,

'तिने कधी तक्रार केली?'

मी म्हणाले, 'आता केली आहे.'

ते उठून बाहेर गेले. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. मलाही, वन्सं, एवढ्याने पुष्कळ झाले असे वाटू लागले होते. संसार आहे, परका मुलूख आहे, बोली संपायला दोन महिने आहेत. तुम्हाला गोड शब्दांत चार ओळी लिहून हे मिटवावे, असे मी योजत होते. खोटे कशाला सांगू.

मागच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. ह्यांनी मुलीला बाहेर आणले. खांबाला पत्र्याचे झाकण बांधले, बंदूक तिच्या खांद्याला लावून दिली, मागून दोन्ही हातांनी धरून तिला उभे केले. तिने एक डोळा मिटला. आणि हे तिच्या कानाशी म्हणाले, हलू नकोस. अगदी प्रेमाने म्हणाले. मुलगी दगडासारखी उभी राहिली. आपल्या वडिलांनी सांगितले म्हणून श्वाससुद्धा घेईना. माझ्या हातातली चादर मातीत पडली. छरा झाकणाला लागला, मुलगी टाळ्या वाजवत माझ्याकडे धावत आली आणि म्हणाली, आई, आता तू झाकण हातात धर.

सोमवारी हे कामावर गेल्यावर मी बंदूक खाली काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि बसने कस्टमच्या कचेरीत गेले. बसमधल्या बाईंनी पडद्याची दांडी समजून मला ती उभी करायला मदत केली. कचेरीचे नाव कागदावर लिहून घेतले होते, तो कागद दाखवत दाखवत पोचले. मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास झालेली मी, पण त्या दिवशी मला घाम फुटला नाही. एका अधिकारी बाईंनी फोनवर दुभाष्याला बोलावले. मी सांगितले की दाखल्यातला शब्द फिरवला आहे, आणि इजा झाली आहे. त्यांनी विचारले, कोणाला? मी तुमचे नाव, नाते आणि डोळा, तिन्ही सांगितले. त्यांनी ते लिहून घेऊन मला वाचून दाखवले. तुमचे नाव त्यांना नीट म्हणता येईना, मी दोनदा म्हणवून घेतले.

संध्याकाळी हे आले. रिकामे खिळे पाहिले. ओरडले नाहीत. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस एवढेच म्हणाले, आणि तेव्हापासून माझ्या हातचे जेवत नाहीत. पाव आणून खातात. साहेबांना त्यांनी सांगितले की बायकोला हत्याराची भीती वाटते म्हणून बंदूक घरातून काढली. साहेब हसले म्हणे, आमच्याकडेही तसेच आहे म्हणाले. तुमच्या वेळी काटा सापडला होता, माझ्या वेळी माझा भित्रेपणा सापडला. ह्यांच्या हाताला नेहमी काही ना काही लागतेच.

मी तुम्हाला लिहिले होते की तुम्हाला आमचे बरे बघवत नाही. शब्द ह्यांचे होते, पण अक्षर माझे होते. त्या एका पत्रासाठी मी रोज देवापुढे नाक घासते. तुम्ही क्षमा केल्याशिवाय देवाने करावी असे मला वाटत नाही.

आता खरे काम सांगते. माझ्या एकटीच्या सांगण्यावर ते काही करू शकत नाहीत, मी तेव्हा त्या घरात नव्हते. ज्याला इजा झाली त्याने स्वतः लिहून दिले पाहिजे. बंदूक त्यांच्याकडे साठ दिवस राहील. तुमचे लिहून आले तर परवाना रद्द होईल, आणि खोटा दाखला दिला म्हणून ह्यांच्या कागदांवर शेरा बसेल. शेरा बसला की कायम होणे अवघड. कदाचित आम्हाला इथून निघावेही लागेल. तुमचे काही आले नाही तर एकसष्टाव्या दिवशी बंदूक ह्यांच्या हातात परत देतील, आणि ती त्याच खिळ्यांवर येईल.

मुलीकडे बघून लिहा असे मी म्हणत नाही, आणि आमच्या पोटाकडे बघून गप्प राहा असेही म्हणत नाही. तिचे मी बघेन, पोटाचेही बघेन. तुम्हाला काय पाहिजे, एवढेच त्या बाईंनी विचारले आहे आणि मीही तेच विचारते. साठांतले चौदा दिवस गेले. पत्राला एका बाजूने दोन-तीन आठवडे लागतात. उलट टपाली कळवावे.

आपली,
धाकटी भावजय